आधी तारीख विचारा, मग ‘ये’ म्हणा



मागच्या महिन्यात मंदिरात पूजा आटोपल्यावर आम्ही चार-पाच जणी ओट्यावर बसलो होतो. एकीच्या नातीला स्थळ आलं आहे. नात अमेरिकेतच जन्मलेली, मुलगा इकडचा पण सहा-सात वर्षांपासून तिकडे. शिकलेला, घर ओळखीचं, कांदा-लसूणही नाही. सगळं सांगून झाल्यावर ती आवाज खाली करून म्हणाली, “एकच आहे, त्याच्या व्हिसाची मुदत संपली म्हणतात. पण आपली मुलगी तिथली सिटिझन आहे ना. लग्न लागलं की होते सगळं बरोबर.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. घरी येऊन तांदूळ निवडायला घेतले आणि स्वतःवरच चिडले, कारण त्या ओट्यावर या विषयाचा अनुभव कोणाला असेल तर तो मला होता.

म्हणून आज लिहिते आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये असं आपल्याला शिकवलं गेलं. पण हीच गोष्ट आमच्या घरात वेळेवर बोलली गेली असती, तर माझी भाचेसून आज एडिसनमध्ये एकटी राहत नसती. भाच्याला आणि तिला विचारून, दोघांच्या परवानगीने लिहिते.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला होता. एच-वन-बी व्हिसा, चांगला पगार. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली. त्या महिन्यात तिकडच्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली, हे आपण पेपरात वाचलंच होतं. नोकरी गेल्यावर एच-वन-बी वाल्याला दुसरी नोकरी शोधायला किंवा सामान आवरायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. हा नियम २०१७ पासून आहे. साठ दिवसांत नोकरी मिळाली नाही. त्याच्या आय-९४ या नोंदीवर मार्च २०२३ अखेरची तारीख होती. तीही गेली. तो परत आला नाही. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं, गावात “अमेरिकेत आहे” म्हणून मान होता. ताईला त्याने सांगितलं, “दुसरी नोकरी मिळाली.” ताईने ते मला सांगितलं, मी ते चार जणींना सांगितलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्याने लग्न केलं. मुलगी आपल्यातलीच, तिकडे जन्मलेली, अमेरिकी नागरिक. त्याने तिला सगळं खरं सांगितलं होतं. तिच्या आईवडिलांना मात्र दोघांनी काही सांगितलं नाही, आणि आम्हालाही नाही.

जूनमध्ये ताईची तब्येत एकदम बिघडली. धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस होते. आम्ही तिला लाखनीहून नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, दिवस मोजा. ताई शुद्धीवर आली की एकच विचारायची, “पोट्टं येते का नाही?” मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून त्याला फोन केला. रडत रडत म्हणाले, “तुझी आई डोळे लावून बसली आहे. पैसा काय, नंतरही मिळतो. मिळेल त्या विमानाने ये.”

तो आला. ताई त्यानंतर नऊ दिवस होती. त्याच्या तोंडून णमोकार ऐकत गेली.

तेरवीनंतर मी सहज विचारलं, परतीचं तिकीट कधीचं आहे? तेव्हा त्याने सांगितलं, “मावशी, मला आता दहा वर्षं जाता येणार नाही.” मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतो आहे. मग म्हटलं, “माहीत होतं तर फोनवर सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “तू रडत होतीस. तुला काय सांगणार होतो?”

त्या दिवसापासून मी हा कायदा समजून घेते आहे. मी बी.कॉम. आहे, वकील नाही. पण लग्नाआधी दोन वर्षं एका अडत दुकानाचे हिशेब लिहिले आहेत, आणि कागद नीट वाचायची सवय तेव्हापासून आहे.

पहिली गोष्ट, जी आपल्यापैकी बहुतेकींना माहीत नसते. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर एक तारीख असते आणि आय-९४ वर वेगळी तारीख असते. व्हिसावरची तारीख सांगते की त्या देशाच्या दारात कधीपर्यंत जाता येईल. आत किती दिवस राहता येईल ते आय-९४ सांगतो. मला हे कॅशबुक आणि बँकेच्या पासबुकासारखं वाटलं. दोन्हींत शिल्लक वेगळी दिसते, आणि आपल्या वहीत पैसे दिसतात म्हणून चेक वटत नाही. दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे म्हणून कोणी दहा वर्षं राहू शकत नाही. तारीख उलटून एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी तो व्हिसा रद्द होतो. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी बहुधा शिक्षण चालू असेपर्यंत अशा अर्थाची नोंद असते, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा लागतो.

दुसरी गोष्ट, ओट्यावर जे बोललं गेलं ते. लग्न केलं की सगळं बरोबर होतं का? काही जणांचं होतं. माणूस रीतसर तपासणी होऊन, व्हिसा घेऊन देशात गेला असेल, नंतर मुदत संपली असेल, आणि त्याने अमेरिकी नागरिकाशी खरं लग्न केलं असेल, तर देश न सोडता तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. जोडीदाराने आय-१३० भरायचा, त्याने आय-४८५. जास्त राहिल्याचा दोष या अर्जाच्या आड सहसा येत नाही. नवरा-बायकोला सरकारने दिलेली ही सवलत आहे.

पण सवलतीला अटी आहेत. जोडीदार नागरिक नसून फक्त ग्रीन कार्डवाला असेल, तर मुदत उलटलेल्याला ही सोय सहसा मिळत नाही. सीमा ओलांडून चोरून गेलेल्याला बहुधा मिळत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं, त्यातल्या १०४ जणांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्या वेळी आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. तपासणी होऊन गेलेला आणि चोरवाटेने गेलेला, यांच्यात कायदा मोठा फरक करतो. खोटं लग्न लावल्याचं सिद्ध झालं तर पुढे खऱ्या लग्नावरही अर्ज मंजूर होत नाही. नोकरीच्या फॉर्मवर “मी अमेरिकी नागरिक आहे” अशा चौकोनात कोणी खूण केली असेल, तर ती एक खूण जन्मभर आडवी येऊ शकते. आणि “आधी व्हिजिटर म्हणून जा, तिथे गेल्यावर लग्न लावून टाकू” असा बेत घरात आखून मुलीला पाठवणं म्हणजे अधिकाऱ्यासमोर तिला खोटं बोलायला लावणं. त्याचा दोष मुलीच्या नावावर चढतो, बेत आखणाऱ्या काकांच्या नावावर नाही.

अर्ज केला म्हणजे अभय मिळालं असंही नाही. २०२५ च्या अखेरीस सॅन दिएगोमध्ये ग्रीन कार्डच्या मुलाखतीला गेलेल्या काही नवऱ्यांना आणि बायकांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे वाट आहे, पण हातात चांगला वकील असल्याशिवाय चालायची ती वाट नाही.

तिसरी गोष्ट, जिने आमचं घर धरलं. १९९६ साली अमेरिकेने एक कायदा केला, तो १ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. मुदतीपेक्षा १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत राहून जो देश सोडतो, त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्षभर किंवा जास्त राहून जो सोडतो, त्याला दहा वर्षं. नीट वाचा, बंदी देश सोडल्यावर लागते. आत आहे तोवर ती झोपलेली असते. उंबरठा ओलांडला की जागी होते. माझा भाचा एप्रिल २०२३ पासून जून २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिने जास्त राहिला होता. तो तिथेच राहून अर्ज करता तर नागरिक बायकोचा नवरा म्हणून सुटला असता. विमानात बसला आणि जून २०३४ पर्यंत अडकला.

तुम्ही म्हणाल, चार महिने होते की लग्न होऊन, अर्ज का केला नाही? मीही हेच विचारलं. या अर्जासोबत जोडीदाराला एक हमीपत्र द्यावं लागतं, की हा माणूस सरकारवर भार होणार नाही. दोघांच्या घरासाठी २०२४ साली वर्षाला २५,५५० डॉलर उत्पन्न दाखवावं लागत होतं. भाचेसून तेव्हा शिकत होती, अर्धवेळ काम करत होती. तेवढं उत्पन्न नव्हतं. अशा वेळी दुसरा कोणी सहहमीदार चालतो. तिचे वडील सहज उभे राहिले असते. पण त्यांना विचारायचं म्हणजे मुदत संपल्याचं सांगावं लागणार. जावई म्हणून पहिल्याच वर्षी हे कसं सांगायचं, या लाजेत फेब्रुवारी गेला, मार्च गेला, मे गेला.

कॉमर्सची सवय म्हणून मी एकदा जमा-खर्च मांडला. एप्रिल २०२४ पासूनच्या दराने आय-१३० चे कागदावर ६७५ डॉलर, आय-४८५ चे १,४४० डॉलर. त्यासोबत बाहेर जाऊन परत येण्याचा आगाऊ परवाना, त्याचे ६३०. एकूण २,७४५ डॉलर आणि वकिलाची फी. हा खर्चाचा एक रकाना. दुसऱ्या रकान्यात दहा वर्षं. तो रकाना मी भरायला घेतला आणि वही मिटून ठेवली.

त्या आगाऊ परवान्याबद्दल प्रत्येकीने ऐकून ठेवावं असं मला वाटतं. २०१२ साली तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने एक निकाल दिला, तो अराबल्ली आणि येराबेल्ली या नावाने ओळखला जातो. नावांवरूनच कळतं, भारतीय तेलुगू जोडपं. त्यांचाही मुक्काम मुदतीपलीकडे गेलेला होता, आणि ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना ते हा परवाना घेऊन भारतात आले. कशासाठी? म्हाताऱ्या आईवडिलांना बघायला. मंडळ म्हणालं, परवाना घेऊन गेलेल्याचं जाणं हे दहा वर्षांची बंदी लावणारं जाणं धरता येणार नाही. मी हे वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून खाली बसले. अर्ज दिलेला असता आणि हा परवाना हातात असता, तर ताईचं मुलाला बघणं आणि मुलाचं परत जाणं, दोन्ही होण्यासारखं होतं. घरातलं कोणी अत्यवस्थ असेल तर परवाना तातडीने मागायचीही सोय आहे. परत येताना विमानतळावरचा अधिकारी शेवटचा शब्द सांगतो, म्हणून यातही वकील लागतोच. पण दार होतं. आमच्या माणसाने त्याची कडी काढली नव्हती, कारण कडी काढायला सासऱ्याला सांगावं लागणार होतं.

आता काय चाललं आहे ते सांगते. भाचेसुनेने आय-१३० भरला. तो मंजूर व्हायलाच वर्षाच्या वर गेलं. पुढची मुलाखत मुंबईला, अमेरिकी वकिलातीत. तिथे दहा वर्षांची बंदी लागणारच. मग माफीचा अर्ज करायचा, आय-६०१, त्याची फी १,०५० डॉलर. त्यात सिद्ध करायचं की हा नवरा आला नाही तर तिथल्या नागरिक बायकोला असह्य हालअपेष्टा होतील. त्याचे हाल त्यात धरत नाहीत, तिचे धरतात. ती इथे येऊन का राहू शकत नाही, हेही सांगावं लागतं. म्हणजे ही मुलगी आता आपलं दुःख कागदोपत्री जमवत बसली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बँकेची पत्रकं, आईच्या गुडघ्यांचे रिपोर्ट. ती मला म्हणाली, “मावशी, मी जितकी बरी राहीन तितका अर्ज कच्चा होतो.” मला उत्तर सुचलं नाही.

आणि नागरिक बायकोचा हक्कच आहे ना नवऱ्याला आणायचा, असं मला बऱ्याच जणी म्हणतात. योगायोग बघा, माझा भाचा ज्या जूनमध्ये विमानात बसला, त्याच महिन्यात, २१ जून २०२४ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सान्द्रा मुनोझ या बाईंचा निकाल दिला. त्या अमेरिकी नागरिक, स्वतः वकील. नवरा एल साल्वादोरचा. तो स्पाउस व्हिसासाठी आपल्या देशातल्या वकिलातीत गेला आणि तिथे त्याला नकार मिळाला. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा घटनेने दिलेला हक्क नाही. वकील बायकोलाही जे मिळालं नाही, ते आपण ओट्यावर बसून गृहीत धरतो.

ज्यांची मुलं इंग्लंडला आहेत त्यांनी अमेरिकेचा हिशेब तिकडे लावू नये. तिथे गणित जवळजवळ उलटं आहे. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथेच राहून स्पाउस व्हिसा घेता येत नाही. मुदत संपल्यावर सबळ कारण असेल तरच साधारण चौदा दिवसांची सवड धरतात. त्यानंतर तिथेच राहून मागायचं तर दोघांना दुसऱ्या देशात संसार करताच येणार नाही असे अडथळे दाखवावे लागतात. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर अग्यार्को आणि इकुगा या दोन बायांची प्रकरणं होती. दोघींचे जोडीदार ब्रिटिश, दोघींची मुदत उलटलेली. दोघी हरल्या. तिथे पुष्कळदा शहाणपण यात असतं की स्वखर्चाने परत यावं आणि इथून रीतसर अर्ज करावा. जास्त राहून परतलेल्यावर काही काळाची बंदी येऊ शकते. लपवाछपवी दिसली तर नकार मिळू शकतो. शिवाय एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड लागतं, आधी ते १८,६०० होतं. अमेरिकेत बाहेर पडणं हा सापळा, इंग्लंडमध्ये बाहेर पडणं ही कधी कधी वाट. म्हणून “आमच्या नणंदेच्या मुलाचं झालं होतं” हा सल्ला कोणी कोणाला देऊ नये.

आणि परक्या देशांनाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. व्हिसाची मुदत उलटून इथे राहणाऱ्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या घरी कोणी परदेशी सून आली, तर तिची नोंदणी आणि मुदतवाढ आपल्यालाच सांभाळायची आहे. अर्ज ऑनलाइन होतो, आणि जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं, म्हणजे आपल्याला भंडाऱ्याला. घरात सून आहे म्हणून तिच्या पासपोर्टाची तारीख थांबत नाही.

आता थोडं आपल्या धर्माचं. दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण ऐकतो. सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार येतात. सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा कागद करणं. अचौर्यव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचा नियम ओलांडणं. मी इतकी वर्षं ते वाचताना मापात मारणारा दुकानदार डोळ्यांसमोर आणत आले. आपला शिकलेला मुलगा कधी आणला नाही. आता आणते.

पण त्याच शास्त्रात दुसरीही बाजू आहे, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. अतिचार म्हणजे व्रताला लागलेला डाग, व्रत मोडून टाकणं नव्हे. डाग लागला तर काय करायचं? आलोचना. जसा दोष घडला तसाच्या तसा सांगायचा, मोठा करून नाही, लहान करून नाही. मुदत उलटणं हा दोष आहे. नोकरी गेली, कर्ज होतं, भीती होती, माणसाकडून होतं. अमेरिकेच्या कायद्यानेसुद्धा नवरा-बायकोसाठी त्याला क्षमेची जागा ठेवली आहे. खोट्या कागदाला मात्र जवळजवळ ठेवलेली नाही. म्हणजे दोष सांगणाऱ्याला दोन्हीकडे वाट आहे. आमच्या घरात दोष एवढा मोठा नव्हता, तो लपवण्यात गेलेले महिने मोठे होते.

त्या लपवण्यात मुलाचा एकट्याचा वाटा नव्हता, हे मला मान्य करायचं आहे. तो का लपवत होता? कारण परत आलेल्या मुलाला आपण बायका काय म्हणतो ते त्याने लहानपणापासून ऐकलं आहे. “अमुकचा मुलगा आला परत, काहीतरी भानगड झाली असेल.” हे वाक्य मी स्वतः या तोंडाने बोलले आहे, पापड लाटताना. त्याच्या कानावर ते पडलं होतं. मी पायऱ्यांवर बसून “ये” म्हणाले तेव्हा त्याच्याकडे खरं बोलायला जागाच उरली नव्हती, आणि ती जागा मीच भरून टाकली होती.

काही जणी मला म्हणतील, आई मरणाला टेकली असताना कायदा बघायचा का? हा प्रश्न मी रात्री-अपरात्री स्वतःला विचारला आहे. ताईचा हात त्याच्या हातात होता, त्याबद्दल मला खंत नाही. ते पुण्य त्याचं आहे. खंत एवढीच की निवड करायची होती ती त्याने आणि त्याच्या बायकोने सगळं समोर ठेवून, वकिलाशी बोलून करायला हवी होती. मी ती माझ्या रडण्याने एका फोनमध्ये करून टाकली. त्या मुलीला तर कोणी विचारलंही नाही. ती त्याला विमानतळावर सोडायला गेली, एवढंच. आमच्या कुठल्याच कामात ती कधी “नाही” म्हणाली नाही, आणि सगळ्यात जास्त तिलाच भरावं लागतं आहे.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते कोणाला कडू लागलं तरी चालेल.

परदेशातलं स्थळ आलं की पत्रिकेच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलगा किंवा मुलगी त्या देशात कशी गेली, आय-९४ किंवा तिकडच्या परवान्यावरची तारीख काय आहे, आणि आजवर कुठल्या कागदावर काही खोटं लिहिलं आहे का. हे विचारणं अपमानाचं नाही. आपण गोत्र विचारतो, पगार विचारतो, चष्म्याचा नंबर विचारतो. यात लाजायचं काय?

तारीख उलटलेली असेल म्हणून स्थळ लगेच मोडू नये. पण दोन्ही घरांना साखरपुड्याच्या आधी माहीत असलं पाहिजे. व्याह्यांना माहीत असलं तर तेच उद्या हमीदार होतील.

आपल्याच मुलाची तारीख उलटली असेल, तर त्याला आपल्या तोंडून ऐकू द्या की परत आलास तरी हे घर तुझं आहे आणि कोणी काही म्हणणार नाही. आणि मग खरोखरच कोणी काही म्हणू नये. हे काम आपण बायकांचं आहे, कोणत्याही वकिलाला ते जमणार नाही.

आणि घरात आजारपण असो, लग्न असो, पंचकल्याणक असो, परदेशातल्या मुलाला “ये” म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा, “तुझे कागद कसे आहेत, आलास तर परत जाता येईल ना?” एवढा प्रश्न मी त्या पायऱ्यांवर विचारला असता, तर तो बोलला असता असं मला वाटतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावरच्या मैत्रिणीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मुलगा व्हिसावर गेला होता, एवढं माहीत आहे. तारीख कोणी विचारलीच नाही.” दोन दिवसांनी तिचा फोन आला. मुलाच्या आईला तिने सरळ विचारलं होतं. ती आधी रागावली, मग रडली, मग कागद पाठवले. आता दोन्ही घरं मिळून तिकडच्या वकिलाकडे जाणार आहेत, लग्नाची तारीख त्यानंतर काढायची ठरलं आहे.

भाचेसून या कार्तिकात पंधरा दिवस येऊन गेली. तिला इथली थंडी सोसत नाही, पण पहाटे उठून माझ्यासोबत मंदिरात यायची. जाताना तिने ताईची जुनी जपमाळ मागितली. मी दिली. मुंबईच्या मुलाखतीची तारीख आली की कळवीन. तोवर तुम्हीही आपापल्या घरात एकदा विचारून बघा.

जय जिनेंद्र.